टेकडी तीच होती

गुरुवारी आमच्या पुण्यात वीज जाते. दुरुस्तीसाठी जाते, आधी सांगून जाते, आणि परत कधी येणार एवढंच सांगत नाही. माझा मित्र गजानन हा गुरुवार इतक्या कसोशीने पाळायचा, की बिबवेवाडीतल्या त्याच्या सोसायटीत बऱ्याच जणींना त्याचा उपास असतो असं वाटायचं. उपास कसला! त्याच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत टेबलाखाली एक भलामोठा संगणक रात्रंदिवस घुमत असायचा. बूट घालून त्याच्यापुढे बसायचं, त्यावर चाललेलं गणित वीज जायच्या आत थांबवायचं, नीट साठवायचं, मशीन बंद करायचं आणि मग माझ्याबरोबर तळजाईच्या टेकडीवर फिरायला यायचं, हा त्याचा नेम. मशीन चालू असताना वीज गेली तर खालचं यूपीएस केकाटायला लागायचं, आणि गजाननने ते कधी केकाटू दिलं नव्हतं. त्या गुरुवारी मी टेकडीच्या फाटकाशी त्याची वाट बघत उभी होते आणि त्याच्या बायकोचा, शोभाचा, फोन आला. तिच्या आवाजामागे दुसरा एक आवाज होता... एकसारखा, कर्कश, थांबतच नव्हता. "नीलाताई," ती म्हणाली, "मशीन ओरडून राह्यलं आणि हे उठून नाही राह्यले."

मी रिक्षाने पोचले तोवर खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन मान हलवून गेले होते. यूपीएसची बॅटरी संपली होती. त्या खोलीत मी इतकी वर्षं जात होते, पण ती शांत असते तेव्हा कशी असते हे मला त्या दिवशी कळलं. गजानन खुर्चीतच होता, किंचित पुढे वाकलेला. एका बुटाची नाडी बांधून झाली होती, दुसऱ्याची सुटी लोंबत होती. काय करावं ते न सुचून मी खाली बसले आणि ती दुसरी नाडी बांधली. मग शोभाने दोन्ही बूट काढून भिंतीशी ठेवले, आणि आम्ही दोघी त्याच्या मुलीला कॅनडात फोन कसा करायचा, काय बोलायचं, हे ठरवायला लागलो.

गजानन मूळचा यवतमाळकडचा. एम.एस्सी.ला पुण्यात आला तेव्हा सदाशिव पेठेत आमच्या मागच्या बोळात त्याने खोली घेतली. घरमालकाने पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, "पाणी सकाळी येतं, पाहुणे कधीच नाही आले तरी चालेल." गजाननला हा टोमणा आहे हेच कळलं नाही, त्याने सरळ "बरं" म्हटलं, आणि पेठेतलं त्याचं नाव चांगलं झालं. माझ्या आईला त्याची ओळख आधी त्याच्या चालण्यावरून झाली. गॅलरीतून ती म्हणायची, "तो बघ तुझा वर्गमित्र गेला," आणि मी बाहेर येईपर्यंत बोळ रिकामा असायचा. तो चालत नसे, सुटत असे. विद्यापीठातून स्वारगेटपर्यंत आम्ही कितीतरी वेळा पायी आलो आहोत, आणि मी कायम त्याच्या चार पावलं मागे. मधूनच वळून तो म्हणायचा, "चालून राह्यली का उभी आहेस?" शहरात राहून त्याची बोली बरीचशी आमच्यासारखी झाली, पण वाद घालताना आणि घाबरला की ती मूळपदावर यायची. हे मी पुढे एक खूण म्हणून वापरायला शिकले.

त्याचं आयुष्यभराचं काम वेगाबद्दलच होतं, किंवा खरं तर वेग जातो कुठे याबद्दल. काही दीर्घिकांच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असतं आणि त्याच्या दोन बाजूंनी द्रव्याचे दोन झोत बाहेर फेकले जातात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. सुरुवातीला सरळ, आखल्यासारखे. मग पुढे कुठेतरी ते फुगतात, विस्कटतात, रेंगाळायला लागतात. का? गजाननचं उत्तर होतं, आजूबाजूचा वायू. झोताच्या कडेला भोवरे पडतात, ते बाहेरचा वायू आत ओढून घेतात, आणि तोच जोर मग जास्त द्रव्याला वाटून घ्यावा लागतो. सामान्य श्रोत्यांना तो गणपतीच्या मिरवणुकीचं उदाहरण द्यायचा. पथक लक्ष्मी रस्त्यावर शिरतं तेव्हा तालात, ओळीत असतं. दोन्ही बाजूंच्या फुटपाथवरची माणसं आत घुसत जातात आणि टिळक चौकात येईपर्यंत पथक कुठलं, बघे कुठले, काही कळत नाही. सगळेच मुंगीच्या पावलाने. "पथकाले दोष देऊ नका," तो म्हणायचा, "फुटपाथाले विचारा." टाळ्या पडायच्या. मी त्याच क्षेत्रात, पण दुसऱ्या बाजूची. तो संगणकात झोत तयार करायचा, मी रेडिओ दुर्बिणीतून खरे झोत बघायचे. त्याच्या मते मी छायाचित्रकार होते आणि माझ्या मते तो कादंबरीकार.

आमच्या भांडणाचं मूळ होती एक दीर्घिका. तिला यादीतला लांबलचक क्रमांक आहे, पण माझ्या नकाशात तिचे दोन झोत दोन्हीकडे असे वळून पसरलेले दिसतात की आम्ही तिला मिशीवाली म्हणायचो. मिशीवालीचे झोत फार लवकर मंदावतात. गजाननने त्यासाठी तिच्याभोवती भरपूर वायू कल्पिला, आणि गणित जुळलं. पुढे दुसऱ्या कोणीतरी क्ष-किरणांत तिचा फोटो काढला, त्यात तेवढा वायू नव्हताच. होता, पण विरळ. मी म्हटलं, "गजानन, वायू दोषी नाही. मधलं इंजिनच कमजोर पडलंय. जोर उतरला की तोच विरळ वायू अडवायला पुरतो." तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग म्हणाला, तुमच्या दुर्बिणीला दिसला नाही म्हणजे वायू नाही असं होत नाही. असलाच पाहिजे. गुठळ्यांमध्ये असेल. त्यानंतर दर काही महिन्यांनी तो तिच्याभोवती थोडा थोडा वायू वाढवत राहिला. तो निवृत्त झाला, मी झाले, त्याने पदरमोड करून ते घरचं मशीन बसवलं, आणि मिशीवालीभोवतीचं धुकं दाट होत गेलं. केंद्राला हात लावायला मात्र तो तयार नव्हता.

टेकडीवर आम्ही निवृत्तीनंतर नेमाने जायला लागलो. सुरुवातीला सगळं जुन्यासारखंच होतं, तो पुढे, मी मागे, दोन्ही बाजूंना उंदीरमारीची झाडं आणि वर पठारावर पोचल्यावर त्याचं एखादं प्रवचन. गजाननला काही समजावून सांगायचं असलं की तो थांबायचा. ही सवय नवीन होती. आधी तो चालता चालता समजावायचा आणि मी धापा टाकत ऐकायचे. मला बरंच वाटलं. म्हटलं, वयाने का होईना, माणसाला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलायचं सुचलं. मग एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आलं की प्रवचन पठारावर होत नाही, त्याच्या अलीकडच्या वळणावर होतं. उन्हाळ्यापर्यंत ते पाण्याच्या टाकीशी आलं. पावसाळ्यात टाकीच्याही खाली, जिथे दगडी कट्टा आहे तिथे. जागा खाली खाली येत होती आणि विषय लांबत चालले होते. एकदा कट्ट्याशी थांबून त्याने मला भोवऱ्यांबद्दल असं काही सांगितलं जे मला तो स्वतः शिकला त्याच वर्षापासून माहीत होतं. बोलताना त्याचा डावा हात उजव्या हाताने दाबून धरलेला होता, आणि वाक्याच्या मधोमध, जिथे स्वल्पविरामही येत नाही अशा जागी, तो श्वास घेत होता.

"तुला दम लागतोय," मी म्हटलं.

"मले काही नाही झालं. धूळ पाहा ना किती वाढली. खाली बांधकामं, वर गाड्या... ही हवा का पूर्वीची हवा आहे?"

"टेकडी तीच आहे, गजानन. मी पण त्याच हवेत चढतेय."

"तू सदाशिव पेठेतली. तुले सवय आहे," तो म्हणाला आणि हसला. पण "मले" आणि "तुले" मी ऐकलं होतं.

शोभाने त्याला कसंबसं डॉक्टरांकडे नेलं. निजवून काढलेला कार्डिओग्राम चांगला आला आणि गजाननच्या हातात कोलीतच मिळालं. तो कागद त्याने फ्रिजवर चुंबकाने लावला. डॉक्टर म्हणाले होते की हे बसल्या जागेचं झालं, आता ट्रेडमिलवर चालवून बघू. ते तो सोयीस्करपणे विसरला. मी आठवण केली तर म्हणाला की बंद खोलीत पट्ट्यावर चालणं ही काय परीक्षा आहे, तिथे ना वारा, ना चढ, ना धूळ. मी म्हटलं, "म्हणूनच तर. तिथे दोष द्यायला टेकडी नसते." शोभा दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं बोलले नाही. आमच्या धंद्यातली माणसं आजाराला घाबरतात तशीच घाबरतात, पण ती घाबरल्याचं कळत नाही, कारण ती लगेच त्याचं एक बरं दिसणारं स्पष्टीकरण तयार करतात, आणि ते स्पष्टीकरण सगळ्या निरीक्षणांना लागू पडतं. थोडा वायू वाढवला की झालं.

याच काळात तो बदलला, आणि हे सांगताना मला अजून कसंतरी होतं, कारण तो बदल मला आवडत होता. झोताचं एक असं असतं, की तो प्रचंड वेगात आपल्या दिशेने येत असला तर तेवढीच बाजू झगझगीत दिसते. पलीकडे जाणारा झोत तितकाच खरा असून दिसतच नाही. वेग उतरला की मग दुसरी बाजू उजेडात येते. गजाननची दुसरी बाजू आम्हाला तेव्हा दिसली. ज्या माणसाने कधी कोणाच्या मुलांची नावं लक्षात ठेवली नाहीत, तो टेकडीवर भेटणाऱ्या आजोबांच्या गुडघ्याची चौकशी करायला लागला. माझी आई गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि एक दिवस कट्ट्यावर बसून त्याने मला विचारलं, तुझी आई गॅलरीत उभी राहायची ना गं? शोभा म्हणायची, हे आता स्वयंपाकघरात येऊन बसतात, मला भाजी निवडू लागतात. सांगताना तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि त्याच्यामागे भीती. मी तिच्या हातावर हात ठेवला.

शेवटी तोच एक दिवस म्हणाला, असं करू. बहुधा आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघून त्याला वैताग आला असावा. "वायू विरळ ठेवतो, तुझ्या क्ष-किरणवाल्यांनी सांगितला तेवढाच. केंद्राचा जोर हळूहळू उतरवत नेतो. तुझ्या नकाशाशी जुळलं, तर इतकी वर्षं मी चुकलो."

"आणि चुकलात तर?" शोभाने विचारलं.

"तर तू म्हणशील तिथे येतो. पट्ट्यावर चालतो. त्याच दिवशी. मग तर झालं?"

त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं तर ते त्याच्याच नियमांनी, हे आम्हाला दोघींनाही पाठ होतं. हा त्याचा पहिला होकार होता. दुसऱ्या दिवशी शोभाने एक कापडी पिशवी भरली: टॉवेल, लेंगा, त्याच्या प्रेशरच्या गोळ्या, थर्मास, आणि फ्रिजवरून काढलेला तो कार्डिओग्राम. मागच्या खोलीच्या दारामागे खुंटीला ती अडकवली. गजाननने तिला पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या. पांढरी माझ्या नकाशाची, झोताच्या लांबीवर उजेड कसा कमी होत जातो ते दाखवणारी. लाल त्याच्या गणिताची, रोज थोडी थोडी पुढे सरकणारी. लाल रेघ पांढरीवर जाऊन बसली की पिशवी घ्यायची, असं ठरलं. घरच्या मशीनला यासाठी कित्येक आठवडे लागणार होते. मी म्हटलं, आपल्या जुन्या संस्थेतल्या मोठ्या मशीनवर टाकू, पटकन होईल. नाही म्हणाला. निवृत्त माणसाने तिथे जाऊन रांगेत उभं राहायचं, तरुणांच्या तोंडाकडे बघायचं... नाही. आणि दर गुरुवारी वीज जायची, दर गुरुवारी ते गणित अर्धा दिवस थांबायचं, आणि मी फाटकाशी उभी राहून मनात म्हणायचे, चालू ठेवा रे बाबांनो, आज एक दिवस वीज चालू ठेवा.

शोभा रोज सकाळी चहा घेऊन आत जायची आणि आधी पडदा बघायची. कधी मला फोन करायची: "आली नीलाताई जवळ. पण मधे फट आहे." तिने खगोलशास्त्राचं एक पुस्तक उघडलं नव्हतं, पण त्या आठवड्यांत ती फट तिच्याइतकी नीट कोणी बघितली नसेल.

आमची शेवटची भेट टेकडीवर झाली नाही. त्या दिवशी मी त्याला घ्यायला घरी गेले होते. आम्ही जिना उतरलो, खाली पार्किंगमध्ये आलो, आणि तिथेच, कोणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर हात टेकून, गजानन मला समजावून सांगायला लागला. टेकडी अजून सुरूही झाली नव्हती. "गंमत पाहा," तो म्हणाला, "मधलं केंद्र बंद पडलं ना, तरी टोकाले पत्ता नसतो. टोक आपलं पुढं जाऊन राह्यलं, उजेड देऊन राह्यलं. आतली बातमी तिथं पोचायले..." तो थांबला. चेहऱ्यावर घाम होता आणि हवा गार होती. मी म्हटलं, "आत्ता जाऊ या का, गजानन? रिक्षा करते. रेघा नंतर बघू." त्याने मान हलवली. "थोडीच फट राह्यली आहे," तो म्हणाला, आणि मग अगदी हळू, माझ्याकडे न बघता, "जुळणार आहे, मले माहीत आहे. एवढं संपू दे." मी त्याला जिन्यावरून वर पोचवलं. तो कठडा धरून चढला. मी चार पावलं मागे होते, पण या वेळी ती मी मुद्दाम ठेवली होती, पडला तर धरता यावं म्हणून. पुढच्या गुरुवारी घरी येऊ नकोस, फाटकाशीच थांब, मी येतो, असं त्याने मला बजावलं, आणि तो गुरुवार मी सुरुवातीला सांगितला तो.

तेरावा झाल्यावर शोभाने मला बोलावून घेतलं. मुलगी परत जायची होती, बॅगा हॉलमध्ये होत्या. शोभा म्हणाली, "ते चालू करून द्या. अर्ध्यावर नका ठेवू." मी तिला दोनदा विचारलं. शेवटचं साठवलेलं होतं ते आदल्या दिवशीचं. तिथून पुढे मी गणित सुरू करून दिलं. पंखा घुमायला लागला आणि त्या घरात पुन्हा तो आवाज भरला. दर गुरुवारी मी टेकडीऐवजी बिबवेवाडीला जायला लागले. वीज जायच्या आत थांबवायचं, साठवायचं, बंद करायचं. परत आली की सुरू करायचं. मधल्या वेळात आम्ही दोघी चहा घेत बसायचो. मला ते मशीन लाथ मारून फोडावंसं वाटायचं. ज्या गतीने ते चालत होतं, त्या गतीनेच गजाननला नेलं असं मला वाटायचं, आणि तरी दर गुरुवारी मी ते हळुवार हाताने बंद करायचे, कारण त्याला तसंच लागायचं.

मागच्या आठवड्यात एका सकाळी शोभाचा फोन आला. "या," एवढंच म्हणाली. मी गेले तेव्हा ती त्याच्या खुर्चीत बसली होती. पडद्यावर लाल रेघ होती. पांढरी शोधावी लागत होती. तरी मी चष्मा पुसून नीट बघितलं, सुरुवातीपासून टोकापर्यंत, चुकीला जागा कुठे उरते का ते त्याने बघितलं असतं तसं. टोकाशी केसभर फरक होता, तो माझ्या नकाशाचा असणार. बाकी कुठेही काही करण्यासारखं उरलं नव्हतं. वायू विरळच होता. केंद्र विझत गेलं होतं.

"जुळलं ना?" शोभाने विचारलं.

"जुळलं."

ती उठली. दारामागच्या खुंटीवरून तिने पिशवी काढली, खांद्याला लावली, पायात चपला घातल्या आणि खोलीच्या दाराशी जाऊन, आतल्या माणसाची वाट बघतात तशी, आत तोंड करून उभी राहिली. "चला," ती म्हणाली. रिकाम्या खुर्चीला म्हणाली की मला, ते मला कळलं नाही. मी जागची हलले नाही. तीही हलली नाही. मशीनचा पंखा तेवढा घुमत होता. गणित आजच्या दिवसाच्या पुढे निघालं होतं, मिशीवालीचं अजून घडायचं आहे ते काढत. मध्यभागी काळोख होता आणि दोन्ही टोकं उजळत पुढे चालली होती. बऱ्याच वेळाने शोभा आत आली, पिशवी न उघडता तिने पुन्हा खुंटीला लावली, आणि पदराने पडद्यावरची धूळ पुसली.

"बंद करू का आता?" मी विचारलं.

"आज गुरुवार आहे का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग राहू द्या."